तीन किलोच्या रायफलीवर किती मोठा स्कोप?

प्रश्न : काका, मी मूळची कराडची, गेली सात वर्षं न्यूझीलंडमध्ये टिमारूला राहते. कामावरच्या मैत्रिणीबरोबर दोन हंगाम डोंगरात हिंडले, परवाना काढला आणि गेल्या महिन्यात स्वतःची रायफल घेतली : टिक्का टी-३ एक्स लाइट, सेव्हन एमएम-झीरो-एट काडतुसाची. एप्रिलमध्ये रानात तांबड्या हरणासाठी जायचं आहे, जमलं तर जूनमध्ये वर डोंगरात थार या रानबोकडासाठी. दुकानात रायफलीवर बसवायचा ५-२५x५६ चा स्कोप (पाच ते पंचवीस पट वाढ, पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं) आणि तो धरणाऱ्या पोलादी रिंगा सवलतीत मिळतायत. ‘एकदाच मोठा घे, आयुष्यभर पुरेल’, असं तिथले म्हणतात. मैत्रीण नको म्हणते. माझी उंची पाच फूट एक इंच. मैत्रिणीच्या रायफलीने चढावर पालथं पडून वरच्या बाजूला बार काढला तेव्हा स्कोपची कड भुवईला लागली, दोन टाके पडले. त्याची धास्ती अजून आहे. स्कोप कोणता घेऊ, माउंट (स्कोप रायफलीवर धरणारं जोडसामान) कोणते, आणि घरी बसवता येतील का? तुमच्या मुलीच्या वयाची आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते दोन टाके. स्कोपची निवड तिथूनच सुरू करू.

स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसायला डोळा मागच्या काचेपासून ठरावीक अंतरावर असावा लागतो. शिकारीच्या चांगल्या स्कोपांत हे अंतर ९० मिलिमीटरच्या आसपास असतं. आता मैत्रिणीची रायफल आठव. तो स्कोप तिच्या मानेच्या लांबीला बसवलेला. दस्ता तिच्या हाताच्या मापाचा. तू उंचीला कमी, त्यामुळे चाप गाठायला तुला सगळंच पुढे ओढून घ्यावं लागलं असणार. त्यात चढावर पालथं पडून वर नेम धरला की दस्ता खांद्यावरून खाली घसरू पाहतो, मान पुढे ताणली जाते आणि डोळा काचेच्या जवळ जातो. नव्वदाचे साठ मिलिमीटर कधी झाले ते कळतही नाही. मग रायफल मागे येते आणि भुवई फुटते. यात तुझा भित्रेपणा नाही आणि नवखेपणाही नाही. ते माप दुसऱ्याचं होतं.

म्हणून स्कोपचे पैसे मोजण्याआधी दस्त्याचं माप बघ. साधा प्रकार आहे : रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री कर, कोपर काटकोनात वाकव आणि दस्त्याचं बूड कोपराच्या खळग्यात टेकव. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. टिक्काचा नेहमीचा दस्ता साधारण ३५ सेंटीमीटरचा येतो, तुला तो दोन-तीन सेंटीमीटर लांब पडेल असा माझा अंदाज आहे. बंदुकांचं काम करणारा कारागीर तो कापून त्यावर पुन्हा रबरी गादी बसवून देतो. स्कोप त्यानंतर. आधी स्कोप बसवून मग दस्ता कापलास, तर स्कोपचं सगळं काम पुन्हा करावं लागेल.

आता वजन. तुझी रायफल नुसती २.९ किलोच्या आसपास आहे. ५-२५x५६ या वर्गातले स्कोप बहुधा ८५० ग्रॅम ते एक किलोच्या घरात असतात, पोलादी रिंगा धरून रायफल चार किलोच्या वर जाते. साडेतीनशे ग्रॅमचा स्कोप आणि ऐंशी ग्रॅमच्या अॅल्युमिनियम रिंगा घेतल्यास तर तीच रायफल ३.३ किलोवर थांबते. फरक पाऊण किलोचा, आणि तो सगळा रायफलीच्या डोक्यावर. नुसतं वजन पाठीला सोसतंही. पण वरून जड झालेली रायफल हातात आडवी कलंडते, पट्ट्यावर खांद्यावरून फिरते, झुडपात अडकते. हलकी रायफल घेण्यासाठी तू जास्त पैसे दिलेस, ते त्या एका सवलतीत परत गेले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : जड स्कोपने धक्का कमी होतो. त्याच काडतुसाला रायफल जितकी हलकी तितकी धक्क्याची ऊर्जा जास्त, हे प्रमाण थेट व्यस्त आहे. चार किलोच्या रायफलीपेक्षा ३.३ किलोची रायफल सुमारे वीस टक्के जास्त ऊर्जेने खांद्यावर येईल. पण सेव्हन एमएम-झीरो-एट हे मुळात सौम्य काडतूस आहे, तुझी निवड उत्तम आहे. धक्का आणखी कमी करायचाच असेल तर नळीच्या तोंडावर सप्रेसर लाव. तो इथे न्यूझीलंडमध्ये सर्रास वापरतात, धक्का आणि आवाज दोन्ही उतरतात, आणि तीनशे-चारशे ग्रॅम वजनाचा उपयोग तरी होतो. कान झाकायचे मात्र तरीही.

जड स्कोपचं दुसरं दुखणं दुकानात कोणी सांगत नाही. बार होताच रायफल झटक्यात मागे येते आणि स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो. त्याला ओढून मागे आणण्याचं काम रिंगांचं. स्कोप जितका जड तितकी ही ओढ मोठी, आणि रायफल जितकी हलकी तितका झटका जोराचा. म्हणजे हलक्या रायफलीवर जड स्कोप हा रिंगांसाठी सगळ्यात वाईट जोड. तो धरून ठेवायला जाड रिंगा, लांब रेल (रिंगा बसवायची पट्टी), जास्त स्क्रू लागतात आणि वजन आणखी चढतं. उलट साडेतीनशे ग्रॅमच्या स्कोपला हलक्या रिंगा आरामात पुरतात. स्कोप आणि माउंट हा एकच निर्णय आहे, तो दोन खरेद्यांत तोडू नकोस.

किती वाढीचा घ्यायचा? एप्रिलमध्ये तू जिथे जाणार त्या बीच नावाच्या झाडांच्या रानात हरीण तीस-चाळीस मीटरवर उभं सापडतं. पाचपट वाढीत तेवढ्या अंतरावर जेमतेम दोन मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. हरणाचा खांदा कुठला आणि झाडाचं खोड कुठलं हे शोधण्यात ते निघून जातं. अडीच पटीवर १०० मीटरला सुमारे १२ मीटरचा पट्टा दिसतो, म्हणजे चाळीस मीटरवर पावणेपाच. रानात तुला हेच हवं. वरच्या टोकाला आठ, नऊ किंवा दहा पट पुरे. थारवर तू २५० मीटरच्या पलीकडे बार काढू नयेस असं माझं मत आहे, आणि त्या अंतराला आठपट भरपूर होते.

तिन्हीसांजेचं गणितही बघून घे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वाढ म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ३६ मिलिमीटरचं भिंग सहा पटीवर ठेवलं तर सहा मिलिमीटर. तुझ्या वयात अंधारात बाहुली साधारण तेवढीच उघडते, त्याहून जाड झोत वाया जातो. संध्याकाळी वाढ कमी करायची, चित्र आपोआप उजळतं. त्यासाठी ५६ चं भिंग वाहून नेण्याची गरज नाही. शिवाय मोठं भिंग नळीला टेकू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात, आणि रिंगा उंच झाल्या की गाल दस्त्यावरून सुटतो. टिक्काच्या दस्त्याची गालाची बाजू तशीही बुटकी आहे. गाल अधांतरी, मान ताठ, डोळा हलता : पुन्हा भुवईचीच गोष्ट.

नावं विचारलीस म्हणून सांगतो. ल्युपोल्डचा २.५-८x३६ हा तुझ्या रायफलीसाठी माझी पहिली पसंती. तो न परवडल्यास त्यांचाच फ्रीडम मालिकेतला ३-९x४०. दोन्ही साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, दोन्हींच्या नळ्या एक इंची. खिसा सैल सोडायची तयारी असेल तर स्वारोव्स्कीचा झेड-३, ३-१०x४२ : वजन तेवढंच, संध्याकाळची काच सरस. आतली नेमाची खूण साधीच घे, बाहेर जाड आणि मध्यावर बारीक होणारी फुली. वाढीबरोबर लहान-मोठी होणारी खूण नको, कमी वाढीवर ती रानातल्या अंधारात कोळ्याच्या जाळ्यासारखी नाहीशी होते.

स्कोपबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगतो, ती बाकी सगळं विसरलीस तरी विसरू नकोस. आपण मराठीत स्कोपलाही सहज दुर्बीण म्हणून जातो आणि घोटाळा तिथेच होतो. दुर्बीण वेगळी, स्कोप वेगळा. झुडपात काही हललं आणि ते काय आहे हे बघायला तू स्कोप डोळ्याला लावलास, तर त्या क्षणी नळीही तिकडेच वळलेली असते. तिथे माणूस असू शकतो. मार्चअखेर ते एप्रिल हा नरांच्या माजाचा काळ, इथे त्याला रोर म्हणतात. शिकारी स्वतः नराच्या डरकाळीची नक्कल करत रानात फिरतात. दोघं एकमेकांना हरीण समजून एकमेकांकडे सरकत येतात. आवाज, रंग, हालचाल, फांदीसारखं दिसणारं काहीतरी, यांपैकी कशावरही विश्वास ठेवून चालत नाही. परवान्याच्या वेळी शिकवलेल्या सात नियमांत लक्ष्य निःसंशय ओळखण्याचा नियम आहे, तो पाळायचं साधन म्हणजे गळ्यातली ८x३० किंवा १०x४२ ची दुर्बीण. मोठ्या स्कोपचे वाचलेले पैसे तिच्यात घाल. डोकं, मान, खांदा, आणि मागे काय आहे, एवढं सगळं दुर्बिणीतून दिसल्याशिवाय रायफल खांद्याला लावायची नाही.

आता माउंट. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझी सगळ्यात वाईट शिकार माउंटमुळे झाली.

बऱ्याच वर्षांपूर्वी रंगिताटा नदीच्या वरच्या खोऱ्यात एक थार नर १८० मीटरवर निवांत उभा होता. टेकू पक्का, वारा नाही, घाई नाही. गोळी मागच्या पायाला लागली. तो कड्याच्या कपारीत उतरला, अंधार पडला, आम्ही शोधत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली सापडला तेव्हा अजून जिवंत होता. ती रात्र त्याने कशी काढली असेल हे मी आजही मनातून काढू शकत नाही. घरी येऊन स्कोप उतरवला तेव्हा कळलं, पुढच्या बेसचे, म्हणजे रिंगेखाली रायफलीला बसणाऱ्या पट्टीचे, दोन्ही स्क्रू बोटाने फिरत होते. एका दुकानातून बसवून आणलेला स्कोप होता. वरच्या रिंगा घट्ट म्हणून मी निर्धास्त होतो. बेसचे स्क्रू रिंगेच्या आणि स्कोपच्या खाली झाकलेले असतात, सगळं उतरवल्याशिवाय ते दिसतच नाहीत. दुकानाची चूक होतीच, पण न तपासता डोंगरात गेलो ती माझी.

म्हणून माझा नियम : सांधे जितके कमी तितकं बरं. तुझ्या टिक्काला हे सोपं आहे. तिच्या रिसीव्हरच्या (नळीच्या मागच्या मुख्य भागाच्या) माथ्यावरच १७ मिलिमीटरची खाच कोरलेली आहे, तिच्यावर रिंगा थेट चिमटतात, वेगळा बेस लागत नाही. टिक्कासाठीच बनवलेल्या अॅल्युमिनियमच्या रिंगा घे. खाली बारीक खुंटी असलेल्या मिळाल्या तर उत्तम. ती खुंटी रिसीव्हरवरच्या भोकात बसते, मग धक्क्याने रिंग खाचेतून सरकत नाही. दुसरा चांगला प्रकार म्हणजे रिंग आणि बेस एकाच तुकड्यात, रिसीव्हरला स्क्रूने बसणारा. टॅलीचे तसे हलके माउंट डोंगरात फिरणाऱ्यांत बरेच दिसतात. पिकाटिनी रेल तुला नको. वजन, उंची आणि एक सांधा, तिन्ही वाढतात. झटकन काढता येणाऱ्या खटक्याच्या रिंगाही नकोत.

खरेदी करताना दोन मापं चुकवू नकोस. स्कोपच्या एक इंची नळीला एक इंचीच रिंग, ३० मिलिमीटरची चालत नाही. आणि उंची सगळ्यात कमी, फक्त स्कोपची पुढची घंटी (भिंगाकडचं रुंद टोक) रायफलीच्या नळीला टेकू नये आणि बोल्टचा (काडतूस आत ढकलणाऱ्या दट्ट्याचा) दांडा वर उचलताना मागच्या भागाला लागू नये. टिक्काचा बोल्ट ७० अंशांतच उघडतो, त्यामुळे बुटक्या रिंगा तुला जमतील. शिवाय टिक्का सगळ्या काडतुसांना एकाच लांबीचा रिसीव्हर वापरते, म्हणजे तुझ्या आखूड काडतुसालाही दोन रिंगांमधलं अंतर लांबच. आखूड स्कोप त्या अंतरात पुरेसा मागे-पुढे सरकत नाही. दुकानातच रिंगांवर ठेवून बघ.

घरी बसवता येईल का? येईल, आणि स्वतःच बसवावा असं मी म्हणेन. टॉर्क (पिळाचा जोर) दाखवणारा स्क्रू-ड्रायव्हर विकत घे किंवा उसना आण. त्याशिवाय हात लावू नकोस. बोल्ट काढून बाजूला ठेव. स्क्रू, खाच, रिंगांची आतली बाजू स्पिरिटने पुसून तेल घालव. खालचा भाग निर्मात्याच्या पत्रकातल्या आकड्यापर्यंत आवळ. स्कोप रिंगांत ठेवून वरच्या टोप्या सैल लाव, म्हणजे तो पुढे-मागे सरकेल.

डोळ्याचं अंतर आता ठरव. डोंगरात घालतेस तेच जाड जाकीट घाल, वाढ सर्वांत जास्तीवर ठेव, कारण तिथे डोळ्याची जागा सगळ्यात नेमकी लागते. डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, गाल टेकव, मग डोळे उघड. चित्र काठोकाठ भरलेलं दिसलं पाहिजे, मान हलवावी न लागता. उभं राहून बघ, बसून बघ. नंतर पालथं पडून, पुढचा टेकू उंच करून, ज्या स्थितीत भुवई फुटली ती मुद्दाम करून बघ. त्या स्थितीत भुवई आणि काच यांत तीन बोटं तरी जागा हवी. कमी वाटली तर स्कोप पुढे सार. उभ्याने नेम धरताना चित्राच्या कडेला किंचित काळी रेघ आली तरी चालेल, भुवई वाचवणं आधी.

मग फुली सरळ कर, आणि टोप्यांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळ. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. एक इंची नळीला बहुतेक निर्माते २ न्यूटन-मीटरच्या आत-बाहेरचा आकडा देतात. आपल्या पत्रकात जो असेल तोच पाळ, वर ‘थोडं अजून’ नको. जास्त आवळलं की नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडखळते. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर उतरणारी नेलपॉलिशची बारीक रेघ मार. रेघ तुटलेली दिसली म्हणजे स्क्रू हलला. डोंगरात तंबूतून बाहेर पडताना एक नजर पुरते.

झीरो करताना, म्हणजे फुली आणि गोळी एका जागी जुळवताना, घाई केलीस तर बाकी सगळं वाया. बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचा कागद बघ, फुली तिथे आण. पहिल्या गोळ्या २५ मीटरवर, मग १०० वर. कोनाच्या पाव मिनिटाने सरकणाऱ्या स्कोपला एका क्लिकने १०० मीटरवर ७ मिलिमीटर सरकतं. १४० ग्रेनच्या (सुमारे नऊ ग्रॅमच्या) नेहमीच्या गोळीसाठी १०० मीटरवर ५ ते ६ सेंटीमीटर वर लागेल असं ठेव, म्हणजे २०० मीटरवर नेम बरोबर बसतो आणि २५० वर सुमारे दहा सेंटीमीटर खाली. हरणाच्या छातीचा मर्मभाग वीतभराचा, त्यामुळे तुझ्या अंतरात वर-खाली हिशोब करावाच लागत नाही. हे आकडे कागदावरचे आहेत, २०० मीटरवर स्वतः मारून खात्री कर. बारीक नळी लवकर तापते आणि गोळ्या पसरू लागतात, म्हणून तीन मारायच्या आणि नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. वेगवेगळ्या दिवशी थंड नळीची पहिली गोळी कुठे लागते ते वहीत लिहून ठेव. हरणावर तीच एक गोळी जाणार आहे.

थारच्या उभ्या डोंगरात एक फरक पडतो. गोळी किती पडणार हे आडव्या अंतरावर ठरतं. चाळीस अंशांच्या चढावर तिरकं अंतर २५० मीटर असलं, तर आडवं सुमारे १९० च. तिथे २०० चा झीरो जसाच्या तसा चालतो, वर धरायला गेलीस तर गोळी पाठीवरून जाईल.

तुझ्या आईवडिलांनी फोनवर विचारलंच असेल, हे चालतं का म्हणून. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थार संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे, तो हिमालयाचा मूळ रहिवासी. इथे त्याला १९०४ मध्ये माउंट कुकजवळ आणून सोडलं. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, त्यामुळे डोंगरमाथ्यावरच्या वनस्पतींना त्याच्या चरण्यापासून बचाव ठाऊकच नाही. १९९३ च्या आराखड्याने त्यांची संख्या दहा हजारांच्या आत ठेवायचं ठरलं. आईला हे असंच सांग, तिला पटेल.

पावसाचंही ध्यानात ठेव. इथले आल्प्स डोंगर ओलांडून पश्चिमेला गेलीस तर तिथला पाऊस आपल्या आंबोलीच्या तोडीचा आहे. स्कोप जलरोधक असला तरी भिंगावर पाणी बसतंच. रबरी झाकणं लाव, आणि चढून आल्यावर धापा टाकत काचेजवळ तोंड नेऊ नकोस, वाफ धरली की थार जाईपर्यंत उतरत नाही.

दस्ता कापून घ्यायचा असेल तर कारागिराची वेळ याच आठवड्यात ठरव, रोरच्या तोंडावर सगळ्यांनाच त्याची आठवण होते. रिंगा आणि स्कोप दस्ता हातात आल्यावर घे, आणि कारागिराकडे जाताना ते जाड जाकीट सोबत ने.